खडकाळ रानात उगवलेले हसू

एका ज्यू शेतकऱ्याच्या कोंबड्यांत मरतूक सुरू झाली. तो धावत रब्बीकडे गेला. (हा रब्बी म्हणजे आपला हरभऱ्या-गव्हाचा हंगाम नव्हे. ज्यू लोक आपल्या धर्मगुरूला रब्बी म्हणतात.) रब्बी म्हणाला, "गहू घालू नकोस, जव घाल." दुसऱ्या दिवशी आणखी दहा मेल्या. "पाणी उकळून, गार करून पाज." आणखी वीस मेल्या. "खुराड्याला आतून चुना दे." शेवटी शेतकरी मान खाली घालून आला आणि म्हणाला, "महाराज, सगळ्या मेल्या." रब्बी हळहळला, "अरेरे, फार वाईट झाले! माझ्याजवळ अजून कितीतरी चांगले सल्ले शिल्लक होते!"

वाचक बंधू-भगिनींनो, तुम्हांला हसू आले असेल. आम्हां विस्तार खात्यातल्या मंडळींना मात्र हा विनोद ऐकताना चिमटा बसतो. सल्ला देणाऱ्याचे काय जाते? कोंबड्या जातात त्या शेतकऱ्याच्या! एवढी मोठी गोष्ट चार ओळींत आणि कोणालाही शिवी न देता सांगितली आहे. धर्मगुरूचा मान राखला आहे आणि त्याचे हसेही केले आहे. हीच ज्यू विनोदाची रीत. ह्या मूठभर समाजाने गेल्या दीडशे वर्षांत जगाला जेवढे हसवले, तेवढे क्वचितच कोणी हसवले असेल. आणि त्या समाजाइतके हाल सोसण्याची पाळीही क्वचितच कोणावर आली असेल. ह्या दोन गोष्टींची सांगड कशी पडली, आणि हे हसू आजोबांकडून नातवापर्यंत कसे पोचले, ते आज पाहू. त्यात शेतीचा संबंध तुम्हांला वाटतो त्याहून अधिक आहे.

जमीन नसलेली माणसे

रशियाच्या साम्राज्यात ज्यूंनी कोठे राहावे ह्यावर १७९१ पासून बंधने आली. पश्चिमेकडच्या ठराविक प्रांतांतच त्यांनी राहायचे. आजचे लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन, मोल्डोव्हा आणि पोलंडचा काही भाग म्हणजे तो मुलूख. ही बंधने १९१७ पर्यंत टिकली. त्यातच १८८२ साली कायदे झाले, की ज्यूंनी खेड्यांत नव्याने वस्ती करू नये आणि गावाबाहेर जमीन खरेदी करू नये. १८९७ च्या शिरगणतीत त्या साम्राज्यात पन्नास लाखांवर ज्यू होते.

भोवती सगळी शेती, पण त्यांतल्या बहुतेकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. मग माणसे शिंपीकाम करीत, जोडे शिवीत, खांद्यावर गाठोडे घेऊन फेरी करीत, दूध विकीत, बाजारपेठेच्या लहान गावांत दुकान मांडून बसत. आठवडे बाजाराला भोवतालचे शेतकरी येत, त्यांच्यावर पोट चाले. अधूनमधून दंगे उसळत, घरे जळत. १८८१ नंतर तर ह्या दंग्यांची मोठी लाटच आली.

त्यांची घरची बोली यिडिश. मूळ बांधा जर्मन भाषेचा, त्यात हिब्रू आणि आसपासच्या स्लाव्ह भाषांचे शब्द, आणि लिपी हिब्रू, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिलेली. प्रार्थना हिब्रूत, आणि रडणे, भांडणे, हसणे यिडिशमध्ये. स्वयंपाकघरातली आणि बाजारातली भाषा असल्यामुळे तिच्यात विनोद चांगला मुरला. लग्नाला 'बादखन' नावाचा विनोदी कवने करणारा माणूस असे. पुरीमच्या सणाला पोरेटोरे सोंगे काढून घरोघर नाटके करीत. आपल्याकडचे बहुरूपी आणि शिमग्याची सोंगे आठवली, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल.

आधी स्वतःला हसायचे

ह्या मंडळींनी हसण्यासाठी आधी स्वतःला निवडले. खेल्म हे पोलंडमधले खरेखुरे शहर. पण गोष्टींमधले खेल्म म्हणजे महामूर्ख 'शहाण्यां'चे गाव. तिथे एकदा पहिले बर्फ पडले. पांढरेशुभ्र गाव पाहून पंच हरखले. पण पहाटे प्रार्थनेसाठी दारे ठोठावीत हिंडणारा शिपाई ते बर्फ तुडवणार, त्याचे काय? पंचांनी रात्रभर विचार केला आणि उपाय काढला, की शिपायाला टेबलावर बसवायचे आणि चौघांनी ते टेबल उचलून घरोघर न्यायचे! शिपायाचे पाय काही बर्फाला लागले नाहीत. आपल्या ग्रामसभेत झालेले एखादे ठराव तुम्हांला आठवले, तर त्याला आमचा इलाज नाही.

दुसरा गडी हेर्शेले. हा अठराव्या शतकाच्या अखेरीस युक्रेनमध्ये होऊन गेला म्हणतात. एका धर्मगुरूच्या दरबारी तो विदूषक होता, अगदी आपल्या तेनालीरामासारखा. एकदा भुकेलेला हेर्शेले एका खाणावळीत शिरला. मालकीण म्हणाली, "काही शिल्लक नाही." हेर्शेले डोळे वटारून म्हणाला, "मग माझ्या बापाने जे केले तेच मला करावे लागेल!" बाई घाबरली आणि होते नव्हते ते तिने वाढले. जेवण झाल्यावर तिने भीत भीत विचारले, "तुमच्या वडिलांनी काय केले होते हो?" हेर्शेले म्हणाला, "काय करणार? जेवायला मिळाले नाही की तो उपाशीच झोपायचा."

ह्या विनोदात भूक आहे, गरिबी आहे, पण रडगाणे नाही. ऐकणारा हसतो आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते, की हा माणूस खरोखरच उपाशी आहे.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायकांसाठी. एका गरिबाच्या एकाच खोलीत बायको, सहा पोरे आणि सासू-सासरे. त्याने रब्बीपाशी गाऱ्हाणे केले. रब्बी म्हणाला, "शेळी घरात बांध." मग म्हणाला, "कोंबड्याही आत घे." मग, "गायही आण." माणूस वेडा व्हायची पाळी आली. तेव्हा रब्बी म्हणाला, "आता सगळी जनावरे बाहेर काढ." दुसऱ्या दिवशी माणूस आनंदाने नाचत आला, "महाराज, घर केवढे ऐसपैस झाले!"

मनाचा अभ्यास करणारा व्हिएन्नाचा डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड स्वतः ज्यू होता. १९०५ साली त्याने विनोदावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने म्हटले आहे, की स्वतःच्या स्वभावावर इतके हसणारे दुसरे समाज फारसे असतील की नाही, हे आपल्याला माहीत नाही.

दूधवाल्याची गोष्ट

हे तोंडी चालत आलेले हसू कागदावर उतरवणाऱ्यांत मोठे नाव शोलेम अलेइखेम ह्यांचे. ते १८५९ साली युक्रेनमध्ये जन्मले. खरे आडनाव राबिनोविच. शोलेम अलेइखेम म्हणजे 'तुम्हांला शांती लाभो', आपल्या रामरामासारखा नमस्कार! तेच त्यांनी टोपणनाव घेतले. १८९४ पासून पुढे वीस वर्षे त्यांनी दूधवाल्या तेव्येच्या गोष्टी लिहिल्या. तेव्ये म्हणजे एक गरीब खेडूत. त्याच्यापाशी थोडी गुरे, एक थकलेला घोडा आणि घरात लग्नाच्या मुली. हुंड्याला पैसा नाही. दूध-लोणी घेऊन तो श्रीमंतांच्या बंगल्यांवर जातो आणि वाटेत देवाशी भांडतो. पोथीतली वचने पाठ, पण बऱ्याचदा भलतीच ओढूनताणून लावलेली. थोरली मुलगी गरीब शिंप्याला वरते, दुसरी क्रांतिकारकामागे सैबेरियात जाते, तिसरी धर्माबाहेर लग्न करते, आणि शेवटी सरकारी हुकमाने तेव्येलाच गाव सोडावे लागते. वाचताना हसू येते आणि पुस्तक मिटल्यावर घसा दाटतो. मुलीच्या लग्नाची काळजी वाहिलेल्या बापाला ह्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

ह्या कथांवरचे 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक १९६४ साली न्यूयॉर्कला आले आणि त्याचे तीन हजारांवर प्रयोग झाले. १९७१ साली त्यावर चित्रपटही निघाला.

शोलेम अलेइखेम १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. अंत्ययात्रेला लाखभर माणसे लोटली. त्यांनी मृत्युपत्रात एक विलक्षण इच्छा लिहून ठेवली होती. पुण्यतिथीला घरच्यांनी आणि मित्रांनी जमावे, मृत्युपत्र वाचावे आणि आपल्या गोष्टींतली एखादी अगदी हसवणारी गोष्ट वाचावी, ज्याला जी भाषा कळेल त्या भाषेत. आपली आठवण हसून काढा, नाही तर काढूच नका, असा त्याचा भाव. 'ज्याला जी भाषा कळेल' हे शब्द ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे मोल कळेल.

पीक आले नाही, पाहुणे आले

१८८१ ते १९२४ ह्या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांवर ज्यू अमेरिकेला गेले. बहुतेक जण न्यूयॉर्कच्या कोंदट गल्ल्यांत कपडे शिवू लागले. पण काहींच्या मनात एकच इच्छा होती, की जन्मभर मिळाली नाही ती जमीन घ्यायची. त्यांना मदत करायला १९०० साली ज्यू कृषि संस्था स्थापन झाली. ती कर्ज देई आणि शेतकऱ्यांच्या बांधावर माणसे पाठवून यिडिशमध्ये सल्ला देई. १९०८ साली तिने यिडिश भाषेत शेतकऱ्यांसाठी एक मासिकही काढले. म्हणजे आमच्या खात्याचे आणि तुमच्या हातातल्या ह्या साप्ताहिकाचे थोरले भाऊच म्हणा ना!

न्यूयॉर्कच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर कॅट्सकिलचे डोंगर आहेत. तिथली जमीन स्वस्त होती, पण का स्वस्त होती ते नांगर घातल्यावर कळले. जिकडे तिकडे दगड. थंडी लांब आणि पिकाचा हंगाम आखूड. दूध आणि अंडी ह्यांवर भागेना. मग शेतकरणींनी वाट काढली. उन्हाळ्यात शहरातले ज्यू कामगार स्वच्छ हवेसाठी तडफडत, आणि बऱ्याच हॉटेलांत ज्यूंना प्रवेश नसे. त्यांना घरातल्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि घरचेच दूध, अंडी, लोणी खाऊ घालायचे. आज आपल्याकडे ज्याला कृषि पर्यटन म्हणतात, तो धंदा ह्या बायकांनी शंभर वर्षांमागे गरजेपोटी केला.

ग्रॉसिंगर हे असेच एक कुटुंब. त्यांनी १९१४ साली तिथे शेत घेतले. शेती बसली. आईच्या हाताला चव होती आणि मुलगी जेनी पाहुण्यांची सरबराई पाही. १९७२ साली जेनी वारली तेव्हा त्या शेतघराच्या जागी बाराशे एकरांवर पसरलेले हॉटेल उभे होते आणि वर्षाला दीड लाख पाहुणे येत होते. भोवती अशी शेकडो हॉटेले झाली. पूर्व युरोपातल्या बीटच्या सूपवरून लोक ह्या भागाला थट्टेने 'बोर्श्ट बेल्ट' म्हणू लागले.

आता पाऊस लागला की पाहुणे कंटाळणार आणि बिछाने गुंडाळून परत जाणार. म्हणून प्रत्येक हॉटेलात 'टुमलर' ठेवीत, म्हणजे गलबला करणारा माणूस. त्याने सकाळपासून रात्रीपर्यंत पाहुण्यांना हसवायचे. मेल ब्रुक्स हा पोरगेला टुमलर ओव्हरकोट चढवून, दगड भरलेल्या दोन बॅगा घेऊन पोहण्याच्या तलावाच्या काठी येई. "धंद्यात काही राम नाही!" असे ओरडून बॅगांसकट पाण्यात उडी टाकी, आणि पाहुणे पोट धरून हसत. शिंप्याचा मुलगा डॅनी के, जेरी लुईस, जोन रिव्हर्स असे कितीतरी विनोदी नट ह्याच डोंगरांत तयार झाले. ध्वनिक्षेपकासमोर एकट्याने उभे राहून स्वतःच्या घरच्या, बायकोच्या, आईच्या गोष्टी सांगत लोकांना हसवायचे, ही एकपात्री विनोदाची तऱ्हा इथे चांगलीच पोसली. पुढे रेडिओ, चित्रपट आणि टेलिव्हिजनने ती देशभर नेली. १९७८ साली 'टाइम' साप्ताहिकाने एका मानसशास्त्रज्ञाचा अंदाज छापला, की अमेरिकेत ज्यू शंभरांत तीन, पण धंदेवाईक विनोदी कलावंतांत शंभरांत ऐंशी.

मरणाच्या दारात

इकडे अमेरिकेत हशा पिकत होता, तेव्हा तिकडे युरोपात त्या हशाचे मूळ शेतच जाळले जात होते. हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंना मारले. त्यांतल्या बहुतेकांची बोली यिडिश होती. गोष्टीतल्या नव्हे, खऱ्याखुऱ्या खेल्म शहरातले ज्यूही त्यात गेले.

त्या काळातही माणसे विनोद करीत होती. वॉर्सा शहरात भिंतींआड कोंडलेल्या ज्यूंमध्ये इमानुएल रिंगेलब्लुम नावाचे इतिहासकार होते. त्यांनी सोबत्यांना घेऊन गुपचूप सगळ्या नोंदी केल्या. कोणाला किती भाकरी मिळाली, कोण मेले, मुलांनी काय लिहिले, आणि लोक कोणते विनोद सांगतात हेही. हे कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. १९४४ साली रिंगेलब्लुम मारले गेले. पेट्या १९४६ साली सापडल्या आणि दुधाचे कॅन १९५० साली. आपण बी पेरतो तसे त्यांनी ते कागद मातीत ठेवले. आपण जगणार नाही, पण हे उगवेल, हा भरवसा!

व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल छळछावणीतून वाचले. त्यांनी १९४६ साली आपल्या पुस्तकात लिहिले, की शेजारी राबणाऱ्या एका सोबत्याबरोबर त्यांनी ठरवले होते, सुटका झाल्यावर काय होईल ह्याची एक तरी गमतीची गोष्ट रोज रचायची. छावणीत पाणीदार सूप मिळे आणि वाटाण्याचे चार दाणे तळाशी असत. तेव्हा सुटल्यावर मोठ्या घरी जेवायला बसलो, तर सवयीने यजमानीणबाईंना आपण म्हणणार, "बाई, तळातून वाढा हो!" हसल्याने भूक गेली नाही. पण तेवढा वेळ ते कैदी नव्हते, सुटका झालेली माणसे होती. हसण्याने संकट टळते असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका. साठ लाख माणसे गेलीच. हसण्याने संकटात माणूसपण टिकते, एवढेच खरे. पण ते थोडके नव्हे.

बॅगांसकट तलावात उडी मारणारा तो मेल ब्रुक्स महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सुरुंग काढण्याच्या कामावर होता. पुढे १९६७ साली त्याने 'द प्रोड्यूसर्स' हा चित्रपट काढून हिटलरची यथेच्छ टर उडवली. हुकूमशहाशी भाषणात बरोबरी करता येत नाही, पण त्याला हास्यास्पद करता येते, असे त्याचे म्हणणे. २००१ साली त्यावरच्या संगीत नाटकाला बारा टोनी पारितोषिके मिळाली.

रशियात, साम्यवादी राजवटीत, राबिनोविच नावाच्या काल्पनिक ज्यूचे विनोद लोक दबक्या आवाजात सांगत. अधिकारी विचारतो, "पक्षाच्या शेवटच्या सभेला तू का आला नाहीस?" राबिनोविच म्हणतो, "ती शेवटची आहे हे ठाऊक असते, तर बायकापोरांनाही घेऊन आलो असतो!"

कोणी कोणाला हसायचे?

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. ज्यू आई मुलाला दोन सदरे देते. मुलगा त्यांतला एक घालून येतो. आई म्हणते, "दुसरा आवडला नाही वाटते?" हा विनोद ज्यू मुलगा आपल्या आईवर करतो, तेव्हा त्यात माया असते. पण 'ज्यू म्हणजे लोभी, ज्यू म्हणजे कपटी' अशी चित्रे हिटलरची वर्तमानपत्रे छापीत, तीही लोकांना हसवण्यासाठीच. त्या हसण्याने पुढच्या कत्तलीची जमीन तयार केली. खालच्याने वर पाहून हसणे निराळे, आणि वरच्याने खालच्याला हसणे निराळे. धोतर-पटक्यातला भोळा खेडूत दाखवून शहरी प्रेक्षकाला हसवणारे सिनेमे तुम्ही पाहिले असतील. तोच खेडूत तमाशाच्या वगात सोंगाड्या होऊन पाटलाची आणि राजाची फिरकी घेतो, तेव्हा आपल्याला किती निराळे वाटते!

आपल्या कोकणातही ज्यू शेकडो वर्षे राहिले. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. चेऊलकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आणि मराठी ही त्यांची मायबोली. यिडिशशी त्यांचा संबंध नाही, आणि इथे त्यांना युरोपासारखा छळही सोसावा लागला नाही. पण लोकांना हसवणारा एक गोड माणूस ह्या समाजाने आपल्याला दिला. 'बूट पॉलिश' (१९५४) मधला प्रेमळ जॉन चाचा आणि 'चुपके चुपके', 'गोलमाल' मधला तो टक्कल पडलेला हसतमुख नट डेव्हिड, तो म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

नातीने काय केले?

शोलेम अलेइखेम ह्यांची नात बेल कॉफमन १९११ साली जन्मली आणि बाराव्या वर्षी अमेरिकेत आली. शिक्षिका झाली, इंग्रजीत लिहू लागली. शाळेतल्या अनुभवांवरची तिची विनोदी कादंबरी १९६५ साली गाजली. आजोबांच्या पुण्यतिथीला माणसे जमत, मृत्युपत्र वाचले जाई, हसवणारी गोष्ट वाचली जाई. ही रीत तिने म्हातारपणापर्यंत सांभाळली. २०११ साली, वयाच्या शंभरीला, न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात ती ज्यू विनोदावर वर्ग घेत होती! २०१४ साली ती वारली.

आजोबांची भाषा यिडिश, नातीची इंग्रजी. भाषा जवळजवळ कापली गेली, पण हसू नव्या भाषेत रुजले. कारण घरातले म्हातारे सांगत राहिले आणि पोरे ऐकत राहिली. 'ज्याला जी भाषा कळेल' असे म्हाताऱ्याने लिहिले होते, ते असे खरे झाले.

वाचकहो, आपल्या घरांतही असे धन आहे. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडताना बायका काय बोलून हसत, पंजोबांनी सावकाराला कसे गंडवले, गावात पहिले इंजिन आले तेव्हा काय फजिती झाली, हे सांगणारे एखादे माणूस अजून ओसरीवर बसलेले असेल. आज रात्री जेवणे झाल्यावर टीव्ही तासभर बंद ठेवा, पोरांना जवळ बसवा आणि त्या माणसाला बोलते करा. जमल्यास वहीत उतरून घ्या. बियाणे जपून ठेवायला घरात आपण जागा करतोच, तशी ह्या गोष्टींनाही करावी. पाऊस कधी पडेल आणि भाव काय मिळेल हे आपल्या हाती नाही, पण पुढच्या पिढीच्या हाती काय द्यायचे, हे आहे.